ठाण्याच्या जुन्या बाजारपेठेत पहिले दुकान: गाळा पाहण्यापासून पाटी लावण्यापर्यंत

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला उतरून चालू लागलेल्या नवख्या माणसाला समोरचा सगळा बाजार एकच वाटतो, पण येथे गाळा घेऊ पाहणाऱ्याने तसे समजू नये. जांभळी नाक्याचे गिऱ्हाईक किराणा, भाजी, फुले यांची यादी हातात घेऊन येते आणि पिशवी भरली की परत फिरते. गोखले मार्ग आणि राम मारुती रस्ता येथे येणारे गिऱ्हाईक सायंकाळी, बहुधा कुटुंबासह, कपडे किंवा दागिने पाहत रेंगाळते. तलावपाळीला माणूस फिरायला येतो आणि खातो. एका भागात चाललेले दुकान पाचशे पावलांवर हलवले आणि बुडाले, असे येथे अनेकदा घडते.

या बाजाराकडे महापालिकेचे लक्ष का आहे, हे आधी थोडक्यात पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी ठाण्याला येऊन थांबली, १८६३ मध्ये येथे नगरपालिका आली आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका. शहराचे पोट स्थानक, मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वर मंदिर यांच्या भोवतीच वाढले. पुढे वस्ती घोडबंदर मार्गाने सरकली, माजिवड्याजवळ मोठे मॉल उभे राहिले, आणि जुन्या पेठेकडे अरुंद रस्ते, वाहनतळाची वानवा आणि जीर्ण इमारती एवढेच उरते की काय, अशी वेळ आली. सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत ठाण्याची निवड झाली, तेव्हा क्षेत्राधारित विकासासाठी स्थानकाभोवतीचा सुमारे एक हजार एकरांचा जुना भागच निवडला गेला. गावदेवी मैदानाखालचे भूमिगत वाहनतळ आणि मासुंदा तलावाकाठचा काचेचा पदपथ ही त्यातली डोळ्यांना दिसणारी कामे आहेत.

पालिकेची अशी कामे दुकानदाराच्या गल्ल्यात थेट पैसे टाकत नाहीत. ती लोकांची चालण्याची वाट बदलतात. ती वाट कोणत्या बाजूने जाते हे आधी वाचावे, मग इमारत, मग कागद आणि शेवटी कर्ज, हा क्रम मोडू नये. बहुतेक नवखे नेमका उलटा क्रम धरतात.

पहिली पायरी: वाट वाचणे

निवडलेल्या गाळ्यासमोर किमान तीनदा जाऊन उभे राहावे: कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, त्याच दिवशी सायंकाळी साडेसहा ते साडेआठ, आणि रविवारी सायंकाळी. किती माणसे जातात यापेक्षा किती थांबतात हे मोजावे. माझे दुकान शिवणसाहित्याचे आहे: अस्तर, बुकरम, बटणे, लेस. मी पहिला गाळा पाहिला तो दुपारी तीन वाजता. रस्ता मोकळा होता, ऊन थेट काउंटरवर पडत होते, दलाल घाईत होता आणि मी अनामत देऊन मोकळा झालो. सायंकाळी सातला कुलूप पाहायला म्हणून गेलो, तेव्हा शटरला अगदी चिकटून रिक्षांची रांग लागली होती आणि स्थानकाकडून येणारा सगळा लोंढा ती रांग टाळून समोरच्या बाजूने चालत होता. माझ्या बाजूला फक्त रिक्षात बसणारे येत होते, आणि रिक्षात बसणारा माणूस अस्तर घेत नाही. ती जागा मी अकरा महिने चालवली. फार शिकलो, पण ते शिक्षण महाग पडले.

स्थानक परिसरात हे वाचन आणखी काळजीपूर्वक करावे लागते, कारण येथे सॅटिस, म्हणजे स्थानक परिसर वाहतूक सुधारणा प्रकल्पाचा उन्नत पूल आहे. त्यावरून बस धावतात आणि खाली रिक्षा असतात. प्रकल्पाचा हेतू वाहतूक मोकळी करण्याचा होता आणि ज्यांनी त्याआधीचा स्थानकासमोरचा गोंधळ पाहिला आहे ते त्याला नावे ठेवणार नाहीत. तरी दुकानदाराच्या दृष्टीने एक गोष्ट उरतेच: जिन्याने थेट वर जाऊन बसमध्ये बसणारा प्रवासी खालच्या दुकानासमोरून जात नाही. म्हणून स्थानकापासूनचे अंतर मीटरमध्ये मोजून उपयोग नाही, लोक कोणत्या जिन्याने उतरतात आणि उतरल्यावर कोणीकडे वळतात ते पाहावे. पूर्वेला कोपरीच्या बाजूने त्याच धर्तीचा प्रकल्प हाती घेतलेला असल्यामुळे तिकडे गाळा पाहणाऱ्याने आजच्या गर्दीवर भरवसा ठेवू नये.

गोखले मार्ग आणि राम मारुती रस्त्यावर वाहतूक एकेरी आहे. गाडीतून येणारे गिऱ्हाईक एकदा पुढे गेले की सहज वळून येत नाही, त्यामुळे चौकाच्या अलीकडचा गाळा आणि पलीकडचा गाळा यांची किंमत तुमच्यासाठी सारखी नसते, भाडे सारखे असले तरी. कोणत्या तारखेला कोणत्या बाजूस वाहने उभी राहतात याची पाटीही वाचून घ्यावी. गावदेवीचे वाहनतळ चालत दहा मिनिटांच्या आत असेल, तर ते आपल्या बिलावर आणि कार्डावर छापण्यात कमीपणा मानू नये; पालिकेने सार्वजनिक पैशातून बांधलेल्या सोयीचा एवढा साधा उपयोगही आपल्याकडे फार थोडे दुकानदार करतात.

पुढच्या काही वर्षांत होणारी खोदकामे हा याच पायरीचा भाग आहे. ठाणे अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. ती २९ किलोमीटरची असून तिच्यावर २२ स्थानके आहेत आणि त्यांतली दोन भूमिगत आहेत. नौपाडा आणि ठाणे रेल्वे स्थानक हे दोन्ही तिच्या मार्गावर येतात. मेट्रो झाल्यावर गिऱ्हाईक वाढेल यात शंका नाही. प्रश्न तोवर पत्र्यांच्या कुंपणाआड दुकान कसे तगेल हा आहे. भाडेकरार करताना, दुकानासमोर सार्वजनिक कामासाठी रस्ता बंद राहिल्यास त्या काळापुरते भाडे कमी होईल, असे कलम मालकाकडे मागून पाहावे. दहातले आठ मालक नकार देतील, पण उरलेल्या दोघांसाठी विचारायला काही खर्च येत नाही. स्मार्ट सिटी योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपलेली असल्याने तिच्यातून झालेल्या कामांची देखभाल आता पालिकेच्या तिजोरीतून व्हायची आहे. दर वर्षी मांडला जाणारा महापालिकेचा अर्थसंकल्प म्हणूनच उघडून पाहावा आणि आपल्या रस्त्याचे, पदपथाचे, गटाराचे नाव त्यात आहे का ते शोधावे. ‘रस्ता होणार आहे’ या दलालाच्या वाक्याची तपासणी तेथेच होते.

दुसरी पायरी: इमारत

नौपाडा, चरई, जांभळी नाका या भागांतल्या कितीतरी इमारती जुन्या आहेत आणि गाळे पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाडेहक्काने घेतलेले आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यात बी केबिन परिसरातील जुनी इमारत कोसळून माणसे दगावली, हे येथील लोक विसरलेले नाहीत. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी दर वर्षी प्रसिद्ध करते. तिच्यातले वर्ग नीट समजून घ्यावेत. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती शक्य असलेली, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. पहिल्या दोन वर्गांतल्या इमारतीत, भाडे कितीही कमी असले तरी, पाऊल टाकू नये. इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मालकाकडे मागावा. कायद्याने तो करून घेणे मालकाचे किंवा भोगवटादाराचे काम आहे, आणि अहवाल नाही असे उत्तर आले तर ते उत्तरही बरेच काही सांगून जाते.

पुनर्विकासाची गोष्ट इथेच काढावी. जुन्या इमारतीतला पागडीचा भाडेकरू आणि लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवानगीवर बसलेला दुकानदार यांच्या हक्कांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इमारत पाडायला निघाली की पहिल्याला नव्या इमारतीत जागा मागता येते. दुसऱ्याला करार संपताच उठावे लागते आणि त्याने केलेले फर्निचर, छत, वातानुकूलन यांचा हिशेब कोणी विचारत नाही. म्हणून लायसन्सवर घेतलेल्या गाळ्यात खिळ्याने ठोकलेले कमी आणि उचलून नेता येईल असे जास्त, या बेताने खर्च करावा.

करार तोंडी किंवा केवळ नोटरी केलेला नसावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. या कराराचे मुद्रांक शुल्क साठ महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, म्हणजे फार नसते. ते वाचवण्यासाठी नोंदणी टाळणारा मालक पुढे दुसरे काही टाळणार नाही याची खात्री देता येत नाही. सोबत मालमत्ता कराची चालू पावती आणि जागेचा वापर बिगरनिवासी असल्याची नोंद पाहून घ्यावी. थकलेला मालमत्ता कर हा जागेवरचा पहिला बोजा असतो आणि वसुलीसाठी पालिकेचे सील शटरवर लागते, तेव्हा आत माल कोणाचा आहे हे ते सील पाहत नाही.

तिसरी पायरी: कागद

येथे गुमास्ता, पालिकेचा परवाना आणि उद्यम (केंद्राची लघुउद्योग नोंदणी) या तीन शब्दांची इतकी सरमिसळ होते की अनेक जण एक काढून तिन्ही झाले असे मानतात.

गुमास्ता म्हणजे २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाखालील कागद. ठाण्यात तो महापालिका देत नाही, राज्याचा कामगार विभाग देतो. कायदा लागू झाला तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाने व्यवसाय सुरू केल्यापासून साठ दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच ठेवायची, तर दहा किंवा अधिक कामगार असल्यास रीतसर नोंदणी करायची, अशी विभागणी होती. ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी दुकान चालवणाऱ्याला दोन्ही स्थितींत सूचना पुरते. ती स्वतःच्या मोबाइलवरून भरता येते. त्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. पोच मात्र छापून दर्शनी भागात लावावी, कारण बँकेत चालू खाते उघडताना पहिला प्रश्न तिचाच येतो.

महापालिकेचा परवाना हे वेगळे प्रकरण आहे. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम ३७६ खाली ठरावीक वस्तूंचा साठा आणि ठरावीक धंदे, म्हणजे आगीचा, दुर्गंधीचा किंवा आरोग्याचा धोका संभवणारे व्यवसाय, परवान्याशिवाय करता येत नाहीत. तुमचा धंदा त्या यादीत येतो का, हे प्रभाग समितीच्या कार्यालयात विचारावे. जुनी बाजारपेठ मुख्यत्वे नौपाडा-कोपरी प्रभाग समितीत आणि काही भाग उथळसरमध्ये येतो, त्यामुळे आपली गल्ली कोणाकडे हे आधी ठरवून घ्यावे, नाहीतर एका कार्यालयातून दुसऱ्यात सकाळ जाते. खाद्यपदार्थांचे दुकान असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना हवा. २०११ च्या नियमांनी नोंदणी आणि परवाना यांच्यातली रेषा वार्षिक बारा लाख रुपयांच्या उलाढालीवर आखली होती. अर्ज भरताना संकेतस्थळावरची चालू रेषा पाहून घ्यावी. स्वयंपाक होणार असेल तर अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला लागेल असे धरूनच चिमणी आणि सिलिंडरची जागा ठरवावी. मी दोन खानावळी अशा पाहिल्या आहेत, ज्यांनी आधी टाइल्स बसवल्या आणि मग त्या फोडून धुराची नळी काढली.

बाकीचे कागद झटपट उरकतात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधारवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्या नावाने पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत. व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. मालाच्या विक्रीत वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची नाही, सेवांसाठी ही मर्यादा २० लाख आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा वापरत असाल तर त्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का दर वर्षी हवा. प्लास्टिकच्या पिशव्यांविषयी तर्कवितर्क करू नयेत: मार्च २०१८ च्या राज्य अधिसूचनेनुसार पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड आहे, आणि पेठेत पालिकेची पथके फिरतात.

चौथी पायरी: पाटी

पाटीवर स्वतंत्र लिहितो, कारण येथे चूक हमखास होते. मार्च २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही असोत, प्रत्येक दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे, आणि दुसरी लिपी वापरल्यास मराठी अक्षरे तिच्यापेक्षा लहान असता कामा नयेत. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिने दिले. पाटी करणारा संगणकावर नमुना दाखवतो तेव्हा दोन्ही ओळी सारख्या दिसतात. प्रत्यक्षात इंग्रजीतली मोठी अक्षरे ओळीची पूर्ण उंची व्यापतात, तर देवनागरीत वेलांटी आणि उकार धरून मोजलेली उंची तेवढीच असली तरी मूळ अक्षर बारीक राहते. म्हणून नमुन्यावर फूटपट्टी ठेवावी आणि ‘क’चे अंग शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजावे, उकार-वेलांटी सोडून. हे मोजमाप कायद्याच्या शब्दांत नाही, पण तपासनीस समोर उभा असताना वाद घालावा लागत नाही. मी माझी पाटी दुसऱ्यांदा करून घेतली तेव्हा रंगाऱ्याने हाच हिशेब शिकवला.

पाटी शटरच्या वर, इमारतीच्या रेषेच्या आत असावी. ती रस्त्यावर पुढे काढली, प्रकाशित फलक केला किंवा दुसऱ्याच्या मालाची जाहिरात तिच्यावर घेतली, तर पालिकेच्या परवानगीचा आणि शुल्काचा प्रश्न येतो. शीतपेयाची कंपनी फुकट पाटी करून देते, ती फुकट नसते ती याच कारणाने.

पाचवी पायरी: समोरचा फेरीवाला

नवा दुकानदार पहिल्या आठवड्यातच फेरीवाल्यांवर चिडतो. चिडण्याआधी कायदा पाहावा. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने पालिकेवर दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याचे, नगर पथविक्रेता समिती नेमण्याचे आणि पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र देण्याचे बंधन घातले आहे. समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. त्याच वेळी, मुंबई उच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१७ च्या निकालानुसार रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येत नाही. प्रत्यक्षात काय दिसते ते ठाणेकराला सांगायला नको. तक्रार करायची तर छायाचित्र, वेळ आणि ठिकाण देऊन प्रभाग समितीकडे लेखी करावी. रस्त्यावर तोंडी भांडून पदपथ मोकळा होत नाही.

एक प्रथा मात्र नि:संकोचपणे वाईट म्हणावी लागेल: दुकानासमोरचा ओटा किंवा पदपथाचा तुकडा दिवसाच्या पैशांवर विक्रेत्याला वापरू देणे. तो तुकडा तुमचा नसतो. प्रमाणपत्र मिळालेल्या विक्रेत्यालाही आपली जागा भाड्याने देण्याची मुभा कायदा देत नाही, तेथे दुकानदाराला कुठून असणार? शिवाय उद्या अतिक्रमणविरोधी पथक आले की जप्तीची गाडी तुमच्याच दारात उभी राहते आणि तुमची बाहेर काढलेली फळीही तिच्यात जाते.

दुकान परवडत नसेल आणि हातगाडीवरूनच सुरुवात करायची असेल, तर पंतप्रधान स्वनिधी योजना याच लोकांसाठी आहे. जून २०२० मध्ये ती १०,००० रुपयांच्या पहिल्या कर्जाने सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मधल्या फेररचनेनंतर कर्जाचे टप्पे १५,०००, २५,००० आणि ५०,००० रुपयांचे झाले असून मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. अर्जासाठी पालिकेचे प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागते.

सहावी पायरी: पैसा

दुकानासाठी मुद्रा कर्ज तारणाशिवाय मिळते: शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाख, तरुणमध्ये १० लाख. अनुदान हवे असेल तर ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करावी. शहरी भागात सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या १५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटांना २५ टक्के अनुदान मिळते, पण ते नव्या उद्योगालाच आहे. दुकान आधी उघडून मग अर्ज करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिंपी, चांभार, सोनार, कुंभार, न्हावी, परीट अशा अठरा पारंपरिक व्यवसायांतल्या माणसाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचाही विचार करावा. तिच्यात ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाख रुपये मिळतात.

स्थानिक पातळीवरचे प्रोत्साहन येते आणि जाते. महापालिकेने २०१८ मध्ये तेल अवीवच्या धर्तीवर ‘डीजी ठाणे’ हे अॅप आणले, त्यात दुकानदारांनी नागरिकांना सवलती द्याव्यात अशी कल्पना होती. असे काही पुन्हा आले तर नाव जरूर नोंदवावे, पण त्यावर विक्रीचा अंदाज बांधू नये.

अर्ज कोणताही असो, टेबलावर तोंडी विचारून परत फिरू नये. नागरी सुविधा केंद्रात किंवा ऑनलाइन अर्ज करून क्रमांक घ्यावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि ती उलटल्यास अपील करता येते. ‘साहेब बैठकीत आहेत’ हे उत्तर त्या क्रमांकापुढे फार टिकत नाही.

उद्घाटनाचा मुहूर्त काढताना पंचांगाबरोबर रस्त्याचाही विचार करावा. गुढीपाडव्याला कोपिनेश्वर मंदिरातून स्वागतयात्रा निघते, नवरात्रात टेंभी नाका गजबजतो, आणि दिवाळी पहाटेला राम मारुती रस्ता व तलावपाळी तरुणाईने इतकी भरून जाते की टेम्पो आत येणे अशक्य होते. या दिवसांत उलाढाल मोठी होऊ शकते, पण माल आदल्या दिवशी दुपारपूर्वी उतरवून घेतलेला असला तरच.